पाडाव झालेली गुराब

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



मला बोलायला सांगितले तेव्हा विषय कोणता घ्यावा, असा प्रश्न पडला. शिक्षणाचे महत्त्व या विषयावर आपण दरवर्षी ऐकता आणि दरवर्षी टाळ्याही वाजविता. तेव्हा आज मी ते सोडून एका लाकडी जहाजाची हकीगत सांगणार आहे. आपले खर्डे समुद्रापासून इतके दूर की, येथून एस. टी. ने किनारा गाठायचा तर अख्खा दिवस मोडतो. आपल्या या दुष्काळी मुलखात उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो आणि हे मास्तर जहाजाच्या गोष्टी सांगतात, असे कोणी म्हणेल. पण हा विषय मी निवडलेला नाही. तो एका मुलाने माझ्यावर टाकला आहे.

गेल्या वर्षी आठवीच्या मुलांना घेऊन मी आपल्या भुईकोट किल्ल्यात गेलो होतो. बुरूज, तटबंदी, आतली मशीद असे सगळे दाखविले. मग एका दगडावर बसून १७९५ सालच्या ११ मार्चची लढाई सांगितली. एका बाजूला पेशवे सवाई माधवराव आणि नाना फडणीस, दुसऱ्या बाजूला हैदराबादचे निजाम अली खान. निजामाच्या फौजेला याच किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला आणि शेवटी तह करून आपला दिवाण मुशीरुल्मुल्क यालाही मराठ्यांच्या स्वाधीन करावे लागले. सगळे सांगून झाल्यावर मागच्या रांगेतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, या लढाईत आपण कोणाकडनं होतो?"

मी विचारले, "आपण म्हणजे कोण रे?"

तो म्हणाला, "आपण म्हंजे आपणच की."

बाकीची मुले हसली. मला मात्र हसू आले नाही. मी घाईघाईने सांगितले की, निजामाकडेही हिंदू सरदार होते, मराठ्यांच्या फौजेतही मुसलमान शिपाई होते. निजामाच्या पलटणी रेमाँ नावाच्या फ्रेंचाने शिकविलेल्या आणि समोर शिंद्यांच्या पलटणींवर पेराँ, तोही फ्रेंचच. मुलाने मान हलविली. पण पटल्यावर मुले मान हलवितात ती निराळी आणि सर रागावू नयेत म्हणून हलवितात ती निराळी. मास्तराला दोन्ही ओळखता येतात. त्या दिवसापासून मी जुनी पुस्तके पुन्हा काढली. वाचता वाचता खर्ड्याच्या रणांगणावरून मी खांदेरीच्या पाण्यात कसा पोहोचलो, ते माझे मलाच कळले नाही.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबईच्या दक्षिणेला, अलिबागजवळ थळ नावाचे गाव आहे. थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर दोन बेटे दिसतात. जवळचे उंदेरी, त्याच्या पलीकडचे खांदेरी. मुंबई बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर या बेटांवरून नजर ठेवता येते. छत्रपती शिवाजी महाराजांनी हे ओळखले होते. १६७२ साली त्यांनी खांदेरी बांधण्याचा प्रयत्न केला होता, तो इंग्रज आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांनी होऊ दिला नाही. १६७९ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात, मायनाक भंडारी या त्यांच्या आरमारी सरदाराने सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर पाय रोवला आणि तट उभारायला सुरुवात केली.

मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. बेट आमचे आहे, सोडून जा, असा निरोप त्यांनी पाठविला. मायनाक भंडाऱ्याने उत्तर दिले की, धन्याच्या हुकुमाशिवाय मी हलणार नाही. मग इंग्रजांनी बेटाला होड्यांचा वेढा घातला. सप्टेंबरच्या १९ तारखेस त्यांचा लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प काही माणसांसह बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. पुढे मोठी कुमक आली आणि त्या कुमकेत आपल्या हकीगतीतले जहाज होते. त्याचे नाव 'डव्ह'.

डव्ह म्हणजे इंग्रजीत कबूतर. आता गंमत पाहा. हे कबूतर ज्या जातीचे जहाज होते, त्या जातीला म्हणत गुराब. 'गुराब' हा अरबी शब्द आहे आणि अरबीत त्याचा अर्थ कावळा. म्हणजे एका कावळ्याचे नाव कबूतर ठेवले होते! इंग्रजांना हे ठाऊक होते की नाही कोण जाणे. ते बिचारे 'ग्रॅब' म्हणत.

गुराब म्हणजे काय ते मुलांना नीट समजले पाहिजे, कारण पुढची लढाई त्याशिवाय कळणार नाही. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, शिडांवर चालणारे जहाज. पुढची नाळ लांब, निमुळती आणि पाण्याच्या दिशेने झुकलेली, त्यामुळे लाट वर आली तरी बाजूंनी ओघळून जाई. या नाळेवरून नेम धरून सरळ पुढे मारा करता येईल अशा तोफा बसविलेल्या असत. पुढे आंग्र्यांच्या काळातल्या नोंदींत मोठी गुराब दीडशेपासून तीनशे टनांपर्यंतची सांगितली आहे. गलबत त्याहून पुष्कळ लहान, बहुधा सत्तर टनांच्या आतले. पण गलबताला शिडांखेरीज चाळीस-पन्नास वल्ही असत. हा फरक ध्यानात ठेवा. वारा पडला की शिडाचे जहाज हे मधल्या माळावर बंद पडलेल्या एस. टी. सारखे, सगळे आहे, पण जागचे हलत नाही. वल्ह्यांच्या गलबताला वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. माणसांच्या दंडात जोर आहे तोवर ते चालते.

आणि शब्दांचे निघालेच आहे तर थोडे आडवाटेला जातो. जहाज, बंदर, दर्या, तुफान, खलाशी, सुकाणू हे सगळे शब्द आपण मराठी म्हणूनच वापरतो आणि ते मराठीच आहेत. पण ते अरबी-फारसीच्या वाटेने किनाऱ्याला लागले. नाखवा हा फारसीतल्या नाखुदावरून आला. मोसमी वाऱ्यातला 'मोसम' अरबी, त्याचेच इंग्रजांनी 'मान्सून' केले. आरमार हा शब्द पोर्तुगिजांचा. शीड, वल्हे, डोलकाठी हे आपल्या मातीतले. एका जहाजावर इतक्या भाषा एका वेळी काम करीत होत्या आणि कोणी कोणाला ही तुझी, ही माझी, असे विचारीत नव्हते. मला सर्वांत आवडलेला शब्द 'मालीम'. जहाजावर ताऱ्यांवरून आणि वाऱ्यांवरून वाट दाखविणाऱ्याला मालीम म्हणत. तो शब्द आला 'मुअल्लिम'वरून आणि मुअल्लिम म्हणजे काय ते येथे बसलेल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. शिक्षक! आमच्या पेशाला एके काळी समुद्रावर इतका मान होता. आज पगारपत्रकावर सही करताना मला हा शब्द कधी कधी आठवतो.

तर १६७९ च्या ऑक्टोबरात खांदेरीभोवती इंग्रजांची आठ जहाजे नांगरून उभी होती. त्यांत 'रिव्हेंज' नावाचे मोठे फ्रिगेट, दोन गुराबा, तीन शिबाडे आणि दोन मचवे. त्यांवर खलाशांखेरीज सुमारे दोनशे गोरे शिपाई होते. रिव्हेंजवर कॅप्टन मिंचिन आणि सगळ्या काफिल्याचा प्रमुख कॅप्टन रिचर्ड केग्विन. दोन गुराबांपैकी एक आपली डव्ह, तिच्यावर सार्जंट मॉलेव्हरर.

समोर नागावच्या बाजूला मराठ्यांचे आरमार जमा झाले होते. लहानमोठी मिळून चाळीस ते साठ गलबते. आणि या आरमाराचा सरदार कोण? दौलतखान.

येथे मला जरा थांबावे लागते. दौलतखान हे नाव आपल्या मुलांनी कितीदा ऐकले आहे? माझ्या शाळेत मी विचारले तर एकही हात वर आला नाही. वर्गात मुसलमान मुले होती आणि हिंदू मुलेही होती. हा शिवाजी महाराजांच्या आरमाराचा प्रमुख सेनानी होता. त्याच्या जोडीला दर्यासारंग हा दुसरा सरदार. १६७५ च्या जानेवारीत महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. जंजिऱ्याच्या सिद्द्याला शह देण्यासाठी पद्मदुर्ग बांधला जात होता. तेथे आरमार घेऊन गेलेल्या दौलतखान आणि दर्यासारंगाला रोख रक्कम व धान्य पोहोचवायचे काम या सुभेदाराचे होते आणि त्याने ते वेळेवर केले नाही. महाराज त्या पत्रात असे संतापले आहेत की, आजही वाचताना कान गरम होतात. तुम्ही रसद पोहोचविली नाही म्हणजे शत्रूला मदत केली. तुम्ही ब्राह्मण आहात म्हणून गय केली जाणार नाही, असा त्याचा आशय आहे. दौलतखानाची बाजू घेऊन महाराज आपल्या सुभेदाराला फटकारत होते. कोण कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हा हिशेब त्या पत्रात नाही. काम वेळेवर झाले की नाही, एवढाच हिशेब आहे.

आणि लगेच दुसरीही बाजू सांगतो, कारण अर्धा इतिहास सांगणे मला पटत नाही. समोर जंजिऱ्याचे सिद्दीही मुसलमानच होते. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. सिद्दी कासम हा मोगलांचा आरमारी सरदार आणि दौलतखानाचा कट्टर वैरी. मायनाक भंडारी हिंदू, तो दौलतखानाच्या खांद्याला खांदा लावून लढत होता.

आता ती सकाळ. इंग्रजांच्या कागदांत तारीख १८ ऑक्टोबर १६७९ अशी आहे. (ती त्यांच्या जुन्या दिनदर्शिकेची. आजच्या हिशेबाने २८ ऑक्टोबर. परीक्षेत मात्र पुस्तकात असेल तीच लिहावी!) पाऊस उघडलेला, पहाटेची वेळ. दौलतखानाने आपली सगळी गलबते एकदम सोडली. नाळेवरच्या तोफा डागत, वल्ही मारत ती इतक्या वेगाने आली की, इंग्रजांना नांगर उचलायलाही पुरता वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासाच्या आत डव्हवरचे निशाण खाली उतरले. समुद्रावर निशाण उतरविणे म्हणजे आम्ही शरण आलो, असे कबूल करणे. आपल्या जुन्या कागदांत यालाच जहाज पाडाव झाले, असे म्हणतात. दुसरी गुराब दूरच राहिली, बाकीची पाच लहान जहाजे पळाली. मराठ्यांच्या गराड्यात एकटे रिव्हेंज उरले.

इंग्रज ग्रंथकारांनी मॉलेव्हररला भित्रा ठरविले आहे. मी या बाबतीत जरा थांबून विचार करतो. चहूबाजूंनी चाळीस-पन्नास गलबते अंगावर येत आहेत आणि शिडे अजून धड भरलेली नाहीत, अशा वेळी शिडाच्या जहाजाने काय करावे? माणसे मरू देण्यापेक्षा निशाण उतरविले, असे त्याच्या बाजूने म्हणता येते. पण त्याच पाण्यात, त्याच सकाळी केग्विन आणि मिंचिन यांनी रिव्हेंज सोडले नाही, हेही खरे आहे. रिव्हेंजने जवळ येऊ देऊन तोफांचा मारा केला, पाच गलबते बुडविली आणि बाकीच्यांचा नागोठण्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत पाठलाग केला. तेथे पाणी उथळ. गलबते आत निघून गेली, मोठ्या जहाजाला पुढे जाता येईना. तेव्हा मुलांनो, मॉलेव्हररला काय म्हणायचे ते तुम्ही ठरवा. मला परीक्षेत हा प्रश्न घालावासा वाटतो, पण उत्तरपत्रिका तपासायला कठीण जाईल.

मग ही लढाई कोण जिंकले? इंग्रज म्हणतात आम्ही, कारण मराठ्यांचे आरमार मागे हटले. आपल्याकडची काही पुस्तके म्हणतात मराठे, कारण डव्ह पाडाव झाली. माझ्या मते दोघेही लढाईकडे पाहतात, बेटाकडे पाहत नाहीत. इंग्रजांना खांदेरी घ्यायचे होते आणि मराठ्यांना ते राखायचे होते. त्या लढाईनंतरही रात्रीच्या अंधारात लहान होड्या इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटून बेटावर दाणागोटा, माणसे आणि दारूगोळा पोहोचवीत राहिल्या. मोठ्या जहाजांना त्या दिसत नव्हत्या आणि दिसल्या तरी उथळ पाण्यात पकडता येत नव्हत्या. चार वर्षांपूर्वी ज्या रसदेवरून महाराज संतापले होते, तीच रसद या वेळी रोज रात्री पोहोचत होती. खांदेरी त्यामुळे राहिले. डव्हच्या पाडावाला मी कमी लेखत नाही, पण त्या होड्या वल्हविणाऱ्यांचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही, याची मला जास्त हळहळ वाटते.

नोव्हेंबरात सिद्दी कासम आपले आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. पण मदतीला आलेला पाहुणा खांदेरी स्वतःसाठी मागतो आहे, हे इंग्रजांना लवकरच उमगले. शिवाजी महाराजांनी जमिनीवरूनही मुंबईवर दडपण आणले होते. तेव्हा इंग्रजांनी लढाईचा नाद सोडून तहाची बोलणी लावली. १६८० च्या जानेवारीत सिद्द्याने शेजारचे उंदेरी ताब्यात घेतले. त्याच महिन्यात दौलतखानाने उंदेरीवर चढाई केली, ती फसली आणि तो स्वतः जखमी झाला. त्यानंतर कितीतरी वर्षे खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे एकमेकांवर तोफा डागत राहिली. थळच्या कोळ्यांनी तेवढ्या काळात मासे कसे धरले असतील, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

केग्विनचे पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. ज्या कंपनीसाठी तो त्या सकाळी एकटा लढला, त्याच कंपनीने शिपायांच्या पगारात काटछाट केली म्हणून १६८३ च्या डिसेंबरात त्याने बंड करून मुंबईच ताब्यात घेतली आणि जवळजवळ वर्षभर इंग्लंडच्या राजाच्या नावाने तिचा कारभार केला. पगार वेळेवर आणि पुरा द्यावा, हा धडा व्यवस्थापक मंडळींसाठी आहे. मी फक्त इतिहास सांगतो आहे.

हे सगळे मी माझ्या वर्गात सांगितले. त्या किल्ल्यातल्या मुलाने ऐकले आणि पुन्हा उभा राहिला. "सर, मग दौलतखान आपला, का सिद्दी कासम आपला?" मी म्हणालो, तूच सांग. तो जागेवरच उभा राहिला. त्याला सुचेना, मलाही सुचविता येईना. तेवढ्यात मुलींच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, जहाज पकडलं, ते कळलं. पण जहाजावरच्या माणसांचं काय झालं?"

इतकी वर्षे मी हा धडा शिकवीत होतो. मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

तिच्यासाठी पुन्हा पुस्तके पाहिली. डव्हवरचे कैदी किनाऱ्यापासून आत सागरगडावर नेऊन ठेवले होते. अलिबागच्या पूर्वेला तो उंच डोंगरी किल्ला आहे. समुद्रावरच्या माणसांना डोंगरावर कोंडले होते. तेथून खाली पाहिले तर समुद्र दिसतो. मॉलेव्हररसारखे गोरे होतेच. त्यांच्याबरोबर खलाशीही होते आणि हे खलाशी बहुतेक आपल्याच किनाऱ्यावरचे. पोटासाठी कंपनीच्या जहाजावर चढलेले. आणि समोरच्या गलबतांवर वल्ही मारणारे कोण? तेही याच किनाऱ्यावरचे कोळी, भंडारी आणि मुसलमान. कदाचित एकाच बंदरातले, एकमेकांना तोंडओळखीने ओळखणारे. सुमारे चार-पाच महिने कैदी गडावर होते. १६८० च्या सुरुवातीला महाराजांचा आणि इंग्रजांचा समेट झाला, तेव्हा ते सुटले. सार्जंटचे नाव इतिहासात राहिले, खलाशांची फक्त संख्या मोजली गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला म्हणालो, "तू विचारलेस ना आपण कोणाकडनं होतो? माझ्या समजुतीने आपण बहुधा वल्ह्यांवर होतो. दोन्हीकडच्या." तो म्हणाला, "म्हंजे दोन्हीकडनं मार खाल्ला." मी यावर काही बोललो नाही.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक जहाज, थोडक्यात. यात आपल्या खर्ड्याच्या लढाईतले नाना फडणीस पुन्हा भेटतात. 'रेंजर' नावाचे इंग्रजांचे बारा तोफांचे जहाज १७८३ च्या एप्रिलात मुंबईहून दक्षिणेला निघाले. लेफ्टनंट प्रुएन त्याचा कप्तान. त्यावर जनरल मॅक्लाउड, कर्नल हंबर्स्टन, मेजर शॉ असे बडे अधिकारी होते. तेव्हा टिपू सुलतानाशी इंग्रजांचे युद्ध चालू होते. बेदनूर येथे जनरल मॅथ्यूज याच्या हाताखाली इंग्रज फौज होती. त्याच्याविषयी तक्रारी आल्या म्हणून त्याला बाजूला करून मॅक्लाउडने सूत्रे हाती घ्यायची, असे ठरले होते. ८ एप्रिलला विजयदुर्गाच्या परिसरात पेशव्यांचे आरमार आडवे आले. सुभेदार आनंदराव धुळप. दोन मोठी जहाजे आणि गलबतांचा तांडा. काही तास भयंकर लढाई झाली. येथे कोणी अर्ध्या तासात निशाण उतरविले नाही. मेजर शॉ ठार झाला, मॅक्लाउड जखमी झाला, रेंजर पाडाव करून विजयदुर्गाला नेली आणि हंबर्स्टन त्या महिन्याच्या अखेरीस तेथेच जखमांनी वारला.

आता खरी मेख ऐका. पेशवे आणि इंग्रज यांच्यात सालबाईचा तह १७८२ च्या मे महिन्यात झाला होता आणि नाना फडणीसांनी डिसेंबरात त्याला मान्यताही दिली होती. म्हणजे युद्ध संपलेले असताना ही लढाई झाली! इंग्रजांनी ओरड केली आणि शेवटी जहाज व उरलेली माणसे परत द्यावी लागली. इकडे मॅक्लाउड वेळेवर पोहोचला नाही, मॅथ्यूज सरदारीवर राहिला आणि एप्रिलच्या अखेरीस बेदनूर टिपूने परत जिंकून घेतले. मॅथ्यूज कैदेत गेला आणि श्रीरंगपट्टणला मेला. सेनापती वेगळा असता तर काय झाले असते, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण विजयदुर्गाच्या पाण्यातली ती लढाई बेदनूरपर्यंत जाऊन पोहोचली, एवढे निश्चित. धुळपांच्या शौर्याबद्दल मला आदर आहे. तरी तह झाल्यावर पकडलेल्या जहाजाचा विजय मी वर्गात सांगतो तेव्हा तह झाला होता, हेही सांगतो. काही सहकाऱ्यांना ते आवडत नाही.

पालकांनो, तुमच्यापैकी काहींनी मला विचारले आहे की, सर, या असल्या गोष्टींनी पोराला नोकरी लागणार आहे का? माझे प्रामाणिक उत्तर आहे की, लागणार नाही. नोकरीसाठी गणित आणि इंग्रजी पक्के करा, त्यासाठी मी शनिवारी जादा तास घेतोच. पण ज्या मुलाला 'आपण' म्हणजे कोण हेच ठाऊक नाही, तो रस्त्यावरचा कोणीही सांगेल ते उत्तर घेऊन घरी येईल. आणि आजकाल अशी उत्तरे फुकट वाटणारे पुष्कळ आहेत. त्यापेक्षा ते त्याने पुस्तकात शोधलेले बरे.

गेल्या डिसेंबरात आम्ही सहल थळला नेली. आपल्या मुलांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. दोघा-तिघांनी ओंजळीत पाणी घेऊन चाखले आणि तोंड वाकडे केले. वारा असल्यामुळे होडीवाल्याने बेटाकडे न्यायला नकार दिला, म्हणून वाळूत उभे राहूनच खांदेरी दाखविले. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत खांदेरीही आहे आणि विजयदुर्गही आहे, हे सांगितले. किल्ल्यातला तो मुलगा बराच वेळ बेटाकडे पाहत होता. मग म्हणाला, "सर, एवढं लांब वल्हवत जायचं? रात्रीचं?"

तो प्रश्न विचारणारी मुलगी सहलीला नव्हती. तिच्या वडिलांनी परवानगी दिली नव्हती. मुक्कामाची सहल, मुलीची जात, लोक काय म्हणतील, वगैरे. मी वाद घातला नाही. परत आल्यावर तिने आपल्या भावाकडून सगळे ऐकले आणि वहीत खांदेरी, उंदेरी, थळ, नागाव असा नकाशा काढून मला दाखविला. न पाहिलेल्या समुद्राचा नकाशा इतका बरोबर होता की, सहलीला आलेल्या मुलांना मी तो उतरवून घ्यायला लावला. ती वही मी तिच्या वडिलांच्या दुकानात नेऊन दिली आणि काही न बोलता चहा पिऊन आलो.

येत्या डिसेंबरात सहल पुन्हा थळला जाणार आहे; या खेपेला दोन शिक्षिका बरोबर आहेत. परवा तिचे वडील शाळेत आले. बस परत किती वाजता पोहोचेल, एवढेच त्यांनी विचारले. मी वेळ सांगितली. मग यादी मागून घेतली आणि मुलीचे नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले.